शौचालयावरची खोली

फिनेलमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. आमच्या गावातून ते शहरात गेले तेव्हा नाव घेऊनच गेले होते. तिकडे कामाला लागले, आणि वर्षानुवर्षं फरशा धुताना ते नाव कुठे वाहून गेलं ते त्यांनाही कळलं नाही. मागे राहिला तो वास. कपड्यांना, केसांना, तळहाताच्या रेषांना फिनेलचा वास. गावी आले की माणूस दिसायच्या आधीच पोरं ओळखायची, मामा आले. मामांना त्याचा राग नाही. "माणसाला कसला ना कसला वास असतोच," ते म्हणतात, "माझा निदान जंतू तरी मारतो."

शहरातल्या एका जुन्या चौकात सार्वजनिक शौचालय आहे, ते मामा सांभाळतात. इमारत दुमजली. खाली डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका आणि मधे मामांचं टेबल. टेबलामागच्या भिंतीवर झाडू, खराटे, लांब दांड्याचे ब्रश, सगळं उंचीप्रमाणे टांगलेलं. वरच्या मजल्यावर, सांभाळणाऱ्याने राहावं म्हणून बांधलेली एक खोली. त्या खोलीत मामामामींनी संसार मांडला. त्याच खोलीत त्यांची एकुलती मुलगी रांगली, चालली, आणि खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीवर वह्या ठेवून शिकली. खोलीच्या भिंतीतून एक जाड नळ खाली उतरतो. खाली कुणी पाणी सोडलं की तो घसा खाकरल्यासारखा गुरगुरतो. मामींना त्याची इतकी सवय की गावी आल्या म्हणजे शांततेने त्यांचा डोळा लागत नाही.

मामांचं काम बघण्यासारखं असतं. आधी कोरडा झाडू, मग पाणी, मग फिनेल, मग पुन्हा पाणी. शेवटी फरशी पुसताना ते आतल्या कोपऱ्यातून सुरुवात करतात आणि मागे मागे सरकत दाराशी येतात, म्हणजे स्वतःच्या पावलाचासुद्धा ठसा उरत नाही. मग उंबऱ्याबाहेर उभे राहून त्या ओल्या फरशीकडे घटकाभर बघतात. तेवढ्यात कुणी घाईचं गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबवतात. "दोन मिनिटं थांबा, वाळू द्या." "अहो, मला घाई आहे." "ती सगळ्यांनाच असते."

मुलगी हुशार निघाली. शहरं कशी वसतात, रस्ते कुठून काढायचे, पाणी कुठून न्यायचं, असलं काहीतरी शिकायला ती मोठ्या कॉलेजात गेली. मामा सगळ्यांना सांगायचे, पोर शहराची डॉक्टर होणार. कॉलेजात मात्र तिचं घर कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "जुन्या भागात." जुना भाग मोठा आहे, त्यात कुणीही मावतं. सकाळी ती मागच्या लोखंडी जिन्याने उतरायची, बोळातून जायची आणि जवळचा थांबा सोडून पुढच्या थांब्यावर बस पकडायची. मामांना वाटायचं, पोरीला चालायची हौस आहे. मामींना काय वाटायचं ते त्या बोलत नसत.

एका संध्याकाळी ती कॉलेजातून लॅपटॉप घेऊन आली. पेटीवर ठेवला, उघडला आणि म्हणाली, "बाबा, या. तुम्हाला गंमत दाखवते."

पडद्यावर शहर होतं, आकाशातून पाहिलेलं. तिने बोटाने ते जवळ जवळ आणलं. नदीसारखा दिसणारा रस्ता आला, चौक आला, एक चौकोनी गच्ची आली. गच्चीवर दोरी, दोरीवर निळा ठिपका.

मामा वाकले. मामी पीठ मळता मळता तशाच हाताने आल्या.

"ही माझी चादर," मामी म्हणाल्या. "ती फाटली तेव्हाच फडकी केली मी तिची."

"फोटो जुना आहे, आई."

"म्हणजे वरून कुणी बघत होतं आणि मी मेली केस मोकळे सोडून कपडे वाळत घालत होते."

मामा हसले. मग त्यांनी बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "इथं काय लिहिलंय? आपल्या घरावर?"

"सार्वजनिक शौचालय," मुलगी म्हणाली. "आणि हे तारे. लोकांनी दिलेले. पाचापैकी चार."

"कुणी दिले?"

"येऊन गेलेल्यांनी. शेरेपण लिहितात. 'स्वच्छ आहे. मधे बसणारा माणूस तिरसट आहे.'"

"तिरसट कोण?"

"तुम्ही."

मामांनी विचार केला. "चिखलाचे बूट घालून आत गेला असणार." मग म्हणाले, "आणखी वाच." तिने आणखी दोन चांगले वाचले. मधला एक डोळ्यांनीच वाचला आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी मामांनी समोरच्या चावीवाल्याला गाठलं. चावीवाला म्हणजे त्यांचा जुना दोस्त, रस्त्यापलीकडे टपरीत कानस घेऊन बसलेला.

"मला चार तारे आहेत," मामा म्हणाले.

"फौजदार झालास काय?"

"इंटरनेटवर आहेत. पोरीनं दाखवलं."

"मग आता सलाम ठोकावा लागणार. पाचवा कुठं गेला?"

"तो तिरसटपणात गेला."

चावीवाला इतका हसला की हातातली चावी वाकडी घासली गेली.

असे दिवस चालले असताना कॉलेजात तिकडे गट पाडले गेले. प्रत्येक गटाने शहरातला एक मोहल्ला घ्यायचा, इंटरनेटवर त्याची माहिती शोधायची, नकाशा स्लाइडांवर उतरवायचा आणि वर्गासमोर मांडायचा. मुलीच्या गटात आणखी दोघं होती. एक लांब वेणीवाली, गटाची पुढारी, आणि एक सदा टोपी घालणारा मुलगा. वेणीवालीने पडद्यावर शहर फिरवलं आणि एका जागी बोट टेकवलं. "हा चौक घेऊ. गल्ल्या बघा कशा वळतात, नकाशात छान दिसेल."

तेव्हा ती बोलू शकली असती. माझं घर आहे तिथे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आला असेल, नसेल; ती म्हणाली, "चौक मी करते. तुम्ही बाजाराची बाजू करा."

तिने मान मोडून काम केलं. नकाशा काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. नियमही तिनेच घातला: घर पिवळं, दुकान लाल, शाळा हिरवी, सार्वजनिक सोयीची जागा निळी, आणि एका इमारतीला एकच रंग, जो तळमजल्याचा तोच. नाहीतर नकाशा ठिगळांच्या गोधडीसारखा होईल, ती म्हणाली. दोघांना पटलं. त्या नियमाने चौकातली दुमजली इमारत निळी झाली. खालचं शौचालय राहिलं आणि वरची खोली, पेटी, दोरी, आईबाप, सगळं त्या निळ्याखाली गेलं. कुणाला शंका आली नाही. कुणाला तिकडे पायी जायची गरजही वाटली नाही. रस्त्यांचे फोटो इंटरनेटवर होतेच.

पण त्यांना शिकवणाऱ्या बाई खमक्या होत्या. त्यांनी रस्त्याचा फोटो उघडला आणि मोठा केला, आणखी मोठा केला.

"ह्या निळ्या चौकोनाला वर खिडकी आहे," बाई म्हणाल्या. "खिडकीला पडदा आहे. फुलाफुलांचा. शौचालयाला असा पडदा कोण लावतं?"

वेणीवालीने टोपीवाल्याकडे पाहिलं. त्याने टोपी सारखी केली.

"कुणीतरी राहतं तिथे. शेरे वाचून मोहल्ला कळत नाही. उद्या जा आणि त्या माणसाशी बोला."

तो पडदा मुलीच्याच लहानपणच्या फ्रॉकांचा होता. मामींनी जोडून शिवलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्याशी घुटमळली. जाऊ नये, ताप आला म्हणावं, तर ती दोघं एकटी जातील, आणि बाबा बोलायला लागले की थांबायचे नाहीत. माझी पोर तुमच्याच कॉलेजात आहे, हे त्यांचं पहिलं वाक्य असेल.

"बाबा," ती म्हणाली.

"काय गं?"

"काही नाही. येते."

दुपारी मामा टेबलाशी बसून ब्रशाची सुटलेली तार बांधत होते. समोरून तिघं आली. पुढे वेणीवाली, तिच्यामागे टोपीवाला आणि सगळ्यांत मागे त्यांची मुलगी, दप्तर छातीशी धरलेली. मामांचा चेहरा उजळला. ते अर्धे उठले, तोंड उघडलं. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लहानपणी मार खायच्या आधी घालायची तशी.

मामा पुन्हा खाली बसले. तार हातातच होती.

"नमस्कार काका," वेणीवाली म्हणाली. "आम्ही कॉलेजातून आलोय. ह्या भागाचा नकाशा करतोय. दोन प्रश्न विचारू?"

"विचारा ना ताई."

"तुम्ही इथे काम करता?"

"काम इथं, राहायला वर."

"वर? खरंच राहता?" टोपीवाल्याने वर पाहिलं. "वास नाही येत?"

"तुम्हाला येतोय का?"

त्याने श्वास घेतला. "नाही. फिनेलचा येतोय फक्त."

"तो माझा."

वेणीवाली हसली. मग म्हणाली, "घरी कोण कोण असतं?"

मामांनी तारेचा पीळ घट्ट केला. मुलगी मोबाइलवर उत्तरं टिपत होती. तिचा अंगठा थांबला होता.

"मी आणि बायको."

"मुलंबाळं?"

"मुलगी आहे. लांब असते."

अंगठा हलला. तिने ते लिहून घेतलं.

एवढ्यात चावीवाला रस्ता ओलांडून आला. गर्दी दिसली की त्याला राहवत नसे. "काय फिनेलशेठ, आज पाचवा तारा द्यायला आले वाटतं? अगं, तू पण..."

"तुझ्या टपरीवर गिऱ्हाईक उभं आहे," मामा म्हणाले.

"कुठं? कुणी नाही."

"आहे. जा."

मामांचा आवाज असा कधी लागत नसे. चावीवाल्याने मामांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि परत गेला. रिकाम्या टपरीत बसून उगाच एक कुलूप उघडबंद करत राहिला.

"वरची खोली बघता येईल?" टोपीवाल्याने विचारलं. "एक फोटो घेतो."

"नाही. वर घर आहे."

मग मामांनी त्यांना खालचं सगळं दाखवलं. टाकी, नळ, कोणता ब्रश कशाला. टोपीवाल्याने टेबलाशी त्यांचा फोटो काढला. जाताना मामांनी बाटली पुढे केली. "ऊन आहे. पाणी घेता? ताई, तुम्ही? मागच्या ताई, तुम्ही?"

मागच्या ताईने नको म्हणून मान हलवली.

मामींनी वरच्या खिडकीतून सगळं ऐकलं होतं. मामा जेवायला वर गेले तेव्हा त्यांनी ताट आपटलं नाही, नीट वाढलं. पाणी देताना मात्र म्हणाल्या, "पोटच्या पोरीला ताई म्हणालात."

"मग काय म्हणू? तिला अवघड झालं असतं."

"आणि मी? मी खिडकीत उभी. खोकला आला तर तोंडात पदर कोंबला. स्वतःच्या घरात."

संध्याकाळी मुलगी आली. कुणी काही विचारायच्या आत तीच उसळली. "तुम्ही खोटं का बोललात, बाबा?"

"तुझ्या तोंडाकडं बघून बोललो."

"मी काही म्हटलं नव्हतं."

"तेच तर," मामा म्हणाले.

भिंतीतला नळ गुरगुरला. ती पेटीशी जाऊन बसली आणि लॅपटॉप उघडला. बराच वेळ पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर होता. ती काय करत होती कुणी विचारलं नाही.

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण बाईंचा नियम होता, ज्यांच्याशी बोललात त्यांना मांडणीच्या दिवशी बोलवा. टोपीवाला मुद्दाम येऊन सांगून गेला. "काका, नक्की या. तुमची वेगळी स्लाइड आहे."

मामांनी मुलीला विचारलं, "येऊ का?"

ती केस विंचरत होती. "बाकीचे येणारेत."

"मी विचारतो, मी येऊ का?"

"तुमची इच्छा," ती म्हणाली.

ह्या दोन शब्दांचा मामांनी रात्रभर अर्थ लावला. ये असाही निघत होता, नको असाही. मामी म्हणाल्या, "जा. चार माणसांत बघितलं की तिच्याच्यानं राहवणार नाही. आपलं रक्त आहे." त्यांनी मामांचा पांढरा सदरा दोनदा धुतला आणि साबणाची वडी घडीत ठेवली. मामा सकाळीच बदलीच्या माणसाकडे टेबल सोपवून निघाले. बसमध्ये मामा उभेच राहिले, सदऱ्याची घडी मोडू नये म्हणून.

कॉलेजच्या खोलीत ते शेवटच्या रांगेत बसले. शेजारच्या मुलाने नाक ओढून इकडेतिकडे पाहिलं. मामांनी हात मांड्यांखाली घेतले.

दिवे मालवले. भिंतीवर त्यांचा चौक उमटला, पिवळा, लाल, हिरवा, निळा. सुंदर होता. मामांना एकेक गल्ली ओळखता आली. इथे चावीवाला, इथे पिठाची गिरणी, इथे पाण्याचा तो कधीच न बंद होणारा नळ. वेणीवाली बोलत होती आणि मुलगी कोपऱ्यात लॅपटॉपशी बसून स्लाइडा पुढे सरकवत होती. तेवढंच तिचं काम होतं.

मग भिंतीवर मामा आले. टेबलाशी बसलेले, हातात तार, माणसापेक्षा मोठे. बाजूला त्यांचं वाक्य लिहिलेलं: मुलगी आहे, लांब असते.

वेणीवालीने ते वाचून दाखवलं. खोलीत कुणीतरी हळूच चुकचुकलं. बाई म्हणाल्या, "बघा, जो चार लोकांची सोय बघतो, त्याच्या म्हातारपणी मुलगी जवळ नाही. नकाशात हे दिसत नाही."

"पुढे घे," वेणीवाली मुलीला म्हणाली.

स्लाइड हलली नाही. मुलीचा हात लॅपटॉपवर होता. ती भिंतीवरच्या बापाकडे बघत होती. मागच्या रांगेत मामा थोडे पुढे झुकले. त्यांनी हात मांड्यांखालून काढले. खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांच्या मनात दोन्ही होतं, बोल आणि बोलू नकोस. ती उठेल असं वाटलं. ती जरा उठलीही, खुर्ची करकरली.

"अगं, अडकलं का?" वेणीवालीने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि बसली. पुढची स्लाइड आली. तिच्यावर कचराकुंड्यांच्या जागा होत्या.

शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनीही वाजवल्या.

बाहेर व्हरांड्यात चहा होता. बाई मुद्दाम मामांपाशी आल्या, तिघांना घेऊन. "कसा वाटला नकाशा?"

"चांगलाय. सगळं जागच्या जागी आहे. कुणी काढला?"

"हिनं," बाईंनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "आमची सगळ्यांत हुशार मुलगी."

मामांनी कप खाली ठेवला. तिला बोलायला जागा करून द्यावी तसे ते थोडे थांबले. ती बोलली नाही. मग तेच म्हणाले, "हात चांगला आहे, ताई, तुमचा."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते, पण ते बाईंना दिसत नव्हते, मामांना दिसत होते.

"थँक यू, काका," ती म्हणाली.

मामा घरी आले, सदरा काढून खुंटीला लावला आणि खाली गेले. बदलीच्या माणसाने सगळं धुऊन ठेवलं होतं. मामांनी ते पुन्हा धुतलं. रस्त्यापलीकडून चावीवाला बघत होता. त्याने हाक मारली नाही.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

"चांगलं झालं. बाईंनी नावाजलं तिला."

"आणि ती? ती काही बोलली?"

"बोलली की," मामा म्हणाले, आणि पुढे काही सांगितलं नाही. मामींनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि त्याही समजल्या.

दिवेलागणीला मुलगी आली. जेवायला तिघं बसली. नेहमी ती पुस्तकात डोकं घालून जेवायची. त्या दिवशी पुस्तक नव्हतं.

"बाबा, मीठ द्या."

त्यांनी दिलं.

"बाबा, पाणी ठेवू का तुमच्याजवळ?"

"ठेव."

"बाबा, तो खिडकीचा कडी-कोयंडा सैल झालाय."

"बघतो."

"बाबा, आज टाकी भरली का?"

"भरली."

ताटं उचलताना, अंथरूण घालताना, दिव्याच्या बटणाशी उभी राहून, कारण नसताना ती त्यांना हाक मारत राहिली. बाबा, दार लावलंत? बाबा, उद्या ऊन असेल का? बाबा, उशी देऊ? प्रत्येक वेळी मामा उत्तर देत होते. आवाज चढवत नव्हते, उतरवत नव्हते. मामी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

तिने दिवा घालवला. अंधारात पुन्हा म्हणाली, "बाबा."

ह्या वेळी तिच्याकडे पुढे विचारायला काहीच नव्हतं. मामांनी वाट पाहिली. खाली कुणीतरी पाणी सोडलं, नळ गुरगुरला आणि थांबला.

"झोप आता," मामा म्हणाले. "ऐकलं मी."